हेल्मेटखालचे उसने केस

पत्र थोडक्यात (नाव-गाव काढून): पुण्यातली तिशीतली एक मैत्रीण लिहिते. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात डेंग्यू झाला, नंतर केस मूठमूठ गळाले, भांग रुंद झाला आणि टाळू दिसायला लागली. बहिणीच्या लग्नाआधी पार्लरमध्ये टेपची हेअर एक्स्टेंशन्स (चिकटपट्टीने लावायचे जोडकेस) लावून घेतली. ती इतकी आवडली की लग्न होऊन गेलं तरी दर दोन महिन्यांनी जाऊन पुन्हा बसवून घेते. शनिवार-रविवार ती क्लबमध्ये घोड्यावर रायडिंगला जाते. आता तिचं जुनं हेल्मेट मागे टोचतं म्हणून क्लबचं एक साइझ मोठं घालते, तर ते ट्रॉटला (घोडा दुडक्या चालीने पळतो तेव्हा) डोळ्यांवर येतं आणि शिकवणारे सर सगळ्यांसमोर ओरडतात. खरं कारण घरी नवऱ्याला माहीत आहे, क्लबमध्ये कोणालाच नाही. तिचे तीन प्रश्न: मोठं हेल्मेट विकत घेऊन आत पॅड लावू का? घोडा नुसता वॉक करताना, म्हणजे सावकाश चालताना, हेल्मेट काढलं तर चालेल का? की केस परत येईपर्यंत रायडिंग सोडूनच देऊ?

तुला अगंतुगं करते, कारण पत्रही तू तसंच लिहिलंयस, एका दमात, मध्ये कुठे पूर्णविराम नाही, आणि शेवटी 'प्लीज हसू नका'. हसत नाहीये. मीही घोड्यावर बसते आणि हेल्मेट काढल्यावर माझं डोकं कसं दिसतं ते मला माहीत आहे.

आधी तीन उत्तरं देऊन टाकते. मोठं हेल्मेट आणि पॅड, नको. वॉकपुरतं हेल्मेट काढणं, अजिबात नको. रायडिंग सोडणं, ते कशाला? आता सविस्तर, कारण तुझ्या तिन्ही प्रश्नांत तू एक गोष्ट धरूनच चालली आहेस की केस किंवा घोडा यातलं एकच काहीतरी मिळणार, आणि ते मला पटत नाहीये.

हेल्मेटचं वरचं चकचकीत कवच आपल्याला दिसतं, पण पडल्यावर खरा मार खातो तो आतला थर्माकोल, नव्या टीव्हीच्या खोक्यात येतो ना, त्याचाच जरा घट्ट भाऊ. डोकं आपटलं की तो चेपतो आणि चेपताना धक्का स्वतःत घेतो, म्हणून तर एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही नवंकोरं दिसलं तरी टाकून द्यायचं असतं. पण हे व्हायला तो थर्माकोल डोक्याला सगळीकडून लागून बसलेला पाहिजे. मध्ये पोकळी असली की हेल्मेट आधी सरकतं, मग कधी कपाळ उघडं पडतं कधी कवटीची मागची बाजू, आणि जमीन काही हेल्मेट नीट करेपर्यंत थांबत नाही. पॅडचं म्हणशील तर स्पंज मऊ असतो, जरा जोर आला की दबतो, म्हणजे पोकळी होती तिथेच राहते फक्त तुला ती जाणवायची बंद होते, आणि हे जास्त वाईट आहे. काही कंपन्या स्वतःच्या हेल्मेटसाठी वेगवेगळ्या जाडीचे लायनर (आतलं अस्तर) देतात ते वेगळं, ते त्या हेल्मेटच्या मापानेच बनवलेले असतात. घरचा रुमाल, स्पंज, जुना मोजा (हो, लोक मोजाही घालतात) हे नको.

घरी आरशासमोर करून बघ. हेल्मेट सरळ बसव, भुवयांच्या वर साधारण दोन बोटं राहतील असं, आणि हनुवटीचा पट्टा न लावता मान 'नाही नाही' अशी हलव. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे. हेल्मेट एकटंच फिरलं तर ते तुझं नाही. मग तसंच खाली वाकून बघ, नाकावर आलं तर तो विषयच संपला. आणि सर ओरडतात त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, त्यांना तुझ्या केसांचा पत्ताही नाही, त्यांना फक्त हलणारं हेल्मेट दिसतंय आणि त्यावर ओरडणं हे त्यांचं कामच आहे.

आता ते 'फक्त वॉकपुरतं'. आपल्याकडे रायडिंग स्कूलमध्ये रेसमधून रिटायर झालेले थरोब्रेड बरेच असतात, पंधरा-सोळा हँड्सचे, म्हणजे खांद्यापाशीच पाच-सव्वापाच फूट. त्यावर तू बसलीस की तुझं डोकं जमिनीपासून आठेक फुटांवर जातं, घोडा उभा असला तरी. बिचकायला त्याला एक उडती प्लास्टिकची पिशवी पुरते. कोर्टनी किंग-डाय ही अमेरिकेची ड्रेसाज (घोड्याकडून ठरलेल्या डौलदार हालचाली करून घ्यायचा प्रकार) रायडर, २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकला खेळलेली, म्हणजे तिला बसता येत नव्हतं असं कोणी म्हणू शकणार नाही. मार्च २०१० मध्ये ती एका घोड्याला ट्रेनिंग देत होती, घोडा अडखळून पडला आणि तीही पडली, डोक्यावर हेल्मेट नव्हतं. कवटी फ्रॅक्चर, कित्येक आठवडे कोमात, नंतर चालणं-बोलणं पुन्हा शिकावं लागलं. ड्रेसाजमध्ये तेव्हा मोठ्या स्पर्धांना टॉप हॅट घालायची पद्धत होती, छान दिसते म्हणून. तिच्या अपघातानंतर हेल्मेटची मोठी मोहीम सुरू झाली आणि घोडेस्वारीची जागतिक संघटना एफईआयने १ जानेवारी २०२१ पासून ड्रेसाजलाही हेल्मेट सक्तीचं केलं. म्हणजे दिसण्यासाठी हेल्मेट टाळणारी तू पहिली नाहीस, या खेळातली एक अख्खी शाखा वर्षानुवर्षं तेच करत होती.

आता मुद्द्याचं. तू केस बांधतेस कुठे? हे पत्रात लिहिलंच नाहीयेस आणि मला वाटतं गोम तिथेच आहे. जुनं हेल्मेट मागे टोचतं म्हणतेस, त्यावरून माझा अंदाज असा की एक्स्टेंशन्सने लांबी वाढली, ते सगळे केस गुंडाळून तू वर जुडा घालतेस आणि त्याच्यावर हेल्मेट बसवतेस. तसं असेल तर डोक्याचं माप बदललेलंच नाहीये, तू फक्त आत एक गोळा ठेवतेयस, आणि तो गोळा हेल्मेटला मागून पुढे ढकलतो, म्हणून ते डोळ्यांवर येतं. केस मानेवर खाली घे, सैलसर एक वेणी नाहीतर दोन, अगदी हेल्मेटच्या कडेच्या खाली, आणि जुनं हेल्मेट पुन्हा घालून बघ. टेपच्या पट्ट्या चपट्या असतात, त्यांच्यामुळे माप फार वाढत नाही. कदाचित एक रुपयाही खर्च न करता प्रश्न सुटेल. मोकळे मात्र सोडू नकोस, केसांत वारा वगैरे दिसायला छान पण फांदीत अडकले की कळतं.

दुसरं म्हणजे टेपची पट्टी खाली लोंबण्यासाठी असते. तू वर ओढून बांधलंस की पट्टी उलटी वळते, कड टाळूत घुसते आणि ज्या थोड्याशा स्वतःच्या केसांना ती चिकटवलीय त्यांच्या मुळांवर सगळा ताण येतो, वरून हेल्मेट दाबतं, ट्रॉटचे हादरे बसतात, म्हणजे तासभर कोणीतरी हळूहळू केस उपटतंय असंच समज. घामाचंही तेच, घामाने आणि तेलाने टेपचा गोंद सुटतो, आणि पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये हेल्मेटच्या आत काय होतं ते मी तुला सांगायला नको. रायडिंग झाल्यावर ओले केस तसेच बांधून ब्रंचला जाऊ नकोस, मुळाशी वाळव, ड्रायरच्या गार हवेवर. ओलसर पट्ट्यांखाली टाळूला खाज येते, पुटकुळ्या येतात आणि मग आपण परत शाम्पूला दोष देतो.

पार्लरला जाताना हेल्मेट बरोबर घेऊन जा. खरंच सांगते. लाव डोक्यावर आणि त्या मुलीला दाखव की हेल्मेटचा आतला पट्टा कुठून जातो, कपाळावरून, कानांच्या वरून, आणि मागे कवटीचा जो उंचवटा आहे तिथून, मागे गोल फिरवून घट्ट करायचं बटण असेल तर तेही. त्या रेषेत एकही पट्टी नको म्हणून सांग. रोज नवरी सजवणाऱ्या मुलीला घोडेस्वारीचं डोकं कसं कळणार, तिचा काय दोष.

क्लिपवाली किंवा रिंगवाली (बारीक कड्यांनी केसांना पक्की अडकवलेली) एक्स्टेंशन्स कोणी घालत असेल तर माझं उत्तर याहून कडक आहे. क्लिप म्हणजे स्टीलचा दातेरी चिमटा, हेल्मेटखाली नुसता बसवला तरी अर्ध्या तासात ठणका लागतो, पडल्यावर तो कुठे रुतेल याचा विचार करा. क्लिपा दोन मिनिटांत निघतात, तर तबेल्यात शिरण्याआधी काढून बॅगेत टाका. रिंगा काढता येत नाहीत आणि त्याही धातूच्याच असतात. यात अजून एक भानगड आहे जी पार्लरमध्ये कोणी सांगत नाही. डोक्याला मार लागला तर हॉस्पिटलमध्ये आधी सीटी स्कॅन करतात, धातूमुळे त्या फोटोत रेघा येतात, आणि एमआरआयच्या मशीनजवळ तर धातू न्यायचाच नसतो. बेशुद्ध माणसाच्या केसांत काय लपलंय हे डॉक्टरांना कोण सांगणार? म्हणून एक्स्टेंशन कसलंही असो, क्लबमध्ये निदान एका माणसाला माहीत असलेलं बरं. त्यावर परत येते.

त्याआधी मला एक गंमत वाटतेय ती सांगते. तुझी काळजी टाळूची आहे, बरोबर? भांग रुंद झालाय, वरून विरळ दिसतं. पण घोड्यावर असताना तुझी टाळू कोणाला दिसतच नाही! ती हेल्मेटच्या आत असते. बाहेर दिसते ती फक्त मानेवरची वेणी. म्हणजे तू ज्या जागेसाठी एवढे पैसे आणि एवढा त्रास सहन करतेयस ती जागा पूर्णवेळ झाकलेली, आणि जी दिसते तिथे तुझ्या आजीच्या पिढीने कधीच तोडगा काढून ठेवलाय: गंगावन. स्वतःचे केस मानेवर बांधायचे आणि त्याला गंगावन जोडून वेणी घालायची, हेल्मेटच्या आत काहीच जात नाही, ना पट्टी ना क्लिप ना रिंग. तुळशीबागेत जा, नाहीतर ऑनलाइन पोनीटेल एक्स्टेंशन म्हणून तेच चौपट किमतीत मिळतं. फक्त हलकं घे, फार लांब नको, आणि ओढलं तर सुटून यावं इतपतच बांध, कशात अडकलं तर वेणी जाऊदे मान राहूदे. आणि एरिनात, म्हणजे रायडिंगच्या मैदानात, गळून पडणार नाही एवढं बघ, कारण वाळूत पडलेली काळी लांब वेणी बघून घोडा काय समजेल याची मी गॅरंटी घेत नाही.

ड्रेसाजवाल्या मुलींचा जुडा असाच हेल्मेटखाली मानेवर जाळीत असतो, आणि ज्यांचे केस तोकडे त्यांच्यासाठी परदेशात चक्क खोटा जुडाच मिळतो, जाळीसकट, स्पर्धेच्या दिवशी लावायचा आणि घरी येऊन काढायचा. त्यात कोणाला चोरी केल्यासारखं वाटत नाही.

राहिला प्रश्न हेल्मेट काढल्यानंतरचा, तो क्लबचा चहा. तिथे एक पातळ कॉटनचा स्कार्फ किंवा बफ (नळीसारखा शिवलेला ताणता येणारा रुमाल) खिशात ठेव, हेल्मेट काढलं की डोक्याला गुंडाळ, उन्हात निम्म्या मुली तेच करतात. बफ हेल्मेटच्या आत घालायचा असेल तर मात्र तो घालूनच हेल्मेटचं माप बघ आणि कायम तसंच घाल, एक दिवस बफ एक दिवस नाही असं नको. सॅटिनची टोपी केसांना चांगली म्हणून हल्ली फार सांगतात पण तिच्यावर हेल्मेट घसरतं, तेव्हा ती घातलीस तरी 'नाही नाही'च्या परीक्षेत पास होते का ते आधी बघ.

आता थोडं तुझ्या मूळ केसांबद्दल, कारण 'केस परत येईपर्यंत' हे तू असं लिहिलंयस जणू ते आपोआप येणार आहेत आणि तू फक्त वाट बघायची आहेस. डेंग्यू, टायफॉइड, कोविड, बाळंतपण, अशा कशानंतरही दोन-तीन महिन्यांनी केस झपाट्याने गळतात हे खरं, आणि सहसा ते सहाएक महिन्यांत थांबतं आणि नवे केस यायला लागतात हेही खरं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे तुझ्या हिशोबाने आतापर्यंत भांगाजवळ बोटभर तरी नवे केस दिसायला हवेत. दिसतायत का? एक्स्टेंशन्स लावल्यापासून तू स्वतःची टाळू नीट बघितली आहेस का? कारण सतत ओढ बसूनही केस जातात, कानशिलाजवळ आणि जिथे पट्ट्या चिकटवतात तिथे, आणि ते लवकर लक्षात आलं तर भरून येतं, वर्षानुवर्षं ताणत राहिलं तर मुळंच मरतात आणि मग काही उगवत नाही. पट्ट्यांपाशी दुखणं, मुळाशी बारीक पुटकुळ्या, कडेचे केस तुटून आखूड होणं, यातलं काही असेल तर थांब.

मी तुझ्या जागी असते तर या वेळी पुन्हा बसवायला जायच्या ऐवजी काढायला गेले असते आणि तशाच मोकळ्या डोक्याने स्किनच्या डॉक्टरांकडे. पट्ट्या असताना त्यांना मशीनमधून टाळू नीट बघता येणार नाही. ते बहुधा हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड बघायला सांगतील. आपल्याकडे बायकांच्या अंगात लोह कमी असणं इतकं कॉमन आहे की पुष्कळदा डेंग्यूवर बिल फाडलं जातं आणि खरं कारण हे असतं. कदाचित डॉक्टर म्हणतील सगळं ठीक आहे, महिना-दोन महिने टाळूला सुट्टी दे आणि मग हवं तर परत लाव. लाव की मग! एक्स्टेंशन्सना माझा विरोध नाही, तुला आरशात बघून बरं वाटतं ही काही छोटी गोष्ट नाही आणि ज्यांनी लग्नात 'अगं केस कुठे गेले तुझे' म्हणून सगळ्यांसमोर विचारलं असेल त्या मावश्यांचं मला चांगलं माहितीय.

पण क्लबमधल्या लोकांना तू त्या मावश्यांच्या रांगेत का बसवलंस हे मात्र कळलं नाही. तिथे तर लोक शेणात पाय घालून उभे असतात, घामाने निथळलेले, हेल्मेटने चप्प बसलेल्या केसांचे, कपाळावर पट्टीचा लाल वळ. तुझ्या भांगाकडे बघायला कोणाला वेळ आहे, सगळे आपापल्या घोड्याने आज काय नखरे केले ते सांगत असतात. सगळ्यांना सांग असं म्हणत नाहीये, अजिबात गरज नाही. सरांना फक्त सांग, बाजूला घेऊन, एवढंच: "सर, आजारपणात माझे केस गेले, मी एक्स्टेंशन्स लावते, म्हणून हेल्मेट नीट बसत नव्हतं, आता बघतेय मी त्याचं." ते घोड्यांच्या जखमा धुणारे, लोकांना पडताना पाहिलेले गृहस्थ आहेत, त्यांना याचं काही वाटणार नाही, उलट ओरडणं थांबेल. आणि मघाशी म्हटलं तसं, कधी पडलीस तर अँब्युलन्समध्ये बसताना सांगणारं कोणीतरी असेल. सरांशी बोलायला फारच जड जात असेल तर दर वेळी जिच्याबरोबर रायडिंग करतेस त्या एका मैत्रिणीला सांग, तेवढंही पुरे.

हेल्मेट नवीनच घ्यायचं ठरलं, म्हणजे जुनं पाच-एक वर्षांचं असेल किंवा कधी आपटलेलं असेल, तर स्वतःचंच घे, क्लबचं सगळ्यांच्या घामाचं नको. डोक्याचं माप भुवयांच्या इंचभर वरून, कानांच्या वरून, मोजायच्या टेपने सेंटिमीटरमध्ये. केस ज्या पद्धतीने बांधून बसणार आहेस तसेच बांधून दुकानात जा. आत लेबलवर पीएएस ०१५, व्हीजी१, ईएन १३८४ किंवा एएसटीएम एफ११६३ या सुरक्षेच्या मानकांपैकी काहीतरी लिहिलेलं असायला हवं, डेकॅथलॉनमध्येही रायडिंगची मिळतात. स्कूटीचं किंवा सायकलचं हेल्मेट घोड्यावर नाही चालत, त्यांच्या चाचण्या वेगळ्या मारासाठी केलेल्या असतात.

स्कूटीवरून आठवलं, हे वाचणाऱ्या ज्या बाकीच्या आहेत, ज्यांचा घोड्याशी काही संबंध नाही पण अंबाडा, क्लचर आणि वर हेल्मेट असं करून रोज कर्वे रोडने जातात, त्यांनाही हे सगळं लागू आहे. क्लचर काढा, केस खाली घ्या. केमोनंतर विग घालणाऱ्या एकीनेही मागे विचारलं होतं, तिलाही हेच सांगेन: विग पिशवीत, डोक्यावर पातळ कॉटनची टोपी, त्यावर मापाचं हेल्मेट, आणि पोचल्यावर विग.

टेप काढायची अपॉइंटमेंट मात्र शुक्रवार-शनिवारची घेऊ नकोस, काढल्यावर टाळू एक-दोन दिवस हुळहुळते आणि रविवारी हेल्मेट टोचेल. सोमवारची घे.